साठचं आठ होऊ नये म्हणून: व्हीओआयपी गेटवेवर कोडेक कसे सेट करायचे

वाशीच्या मसाला मार्केटमधल्या एका गाळ्यावरून तळोज्याच्या गोडाऊनला फोन गेला की मिरचीची साठ पोती गाडीत भरा, आणि दुपारी गाडी आली ती आठ पोती घेऊन. गोडाऊनवाले काका शपथेवर सांगत होते की मी आठच ऐकलं, गाळ्यावरचा मुलगा सांगत होता की मी साठच बोललो, आणि दोघंही खरं बोलत होते. शेठना कोणीतरी सांगितलं इंटरनेट स्लो आहे, प्लॅन वाढवा. त्यांनी वाढवला, १०० एमबीपीएस फायबर आलं, तरी साठचं आठ होतच राहिलं. मग मला बोलावलं. मी ठाणे-नवी मुंबईत ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज, आणि आयपी फोनची कामं करतो, आणि अशा तक्रारीत दहातल्या सात-आठ वेळा घोळ गेटवेच्या, म्हणजे साधा फोन आणि टेलिफोन लाइन इंटरनेटवरच्या फोनशी (व्हीओआयपी) जोडणाऱ्या डब्याच्या, कोडेकच्या पानावर सापडतो, जे पान इन्स्टॉल करताना कोणी उघडलेलंच नसतं. म्हणून ते पान कसं भरायचं हे नीट लिहून काढतोय.

आधी कोडेक म्हणजे काय हे डोक्यात स्वच्छ असलं पाहिजे, नाहीतर ड्रॉपडाऊनमधून काहीतरी निवडलं जातं. कोडेक म्हणजे आवाजाचे आकडे करून पाठवायची आणि तिकडे त्यांचा पुन्हा आवाज करायची पद्धत. साधा जी.७११ घ्या. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटचा, झाले ६४००० बिट म्हणजे ६४ केबीपीएस, बस, यात कॉम्प्रेशन जवळजवळ नाहीच. याचे दोन प्रकार, ए-लॉ आणि म्यू-लॉ. म्यू-लॉ अमेरिका-जपानकडचा, आपल्याकडे टेलिफोन नेटवर्क ए-लॉवर चालतं. तुमची पीआरआय, म्हणजे टेलिफोन कंपनीकडून अनेक लाइनी एकत्र आणणारी डिजिटल लाइन, ही ई-वन, २.०४८ एमबीपीएस, त्यात बोलण्यासाठी ३० चॅनेल आणि प्रत्येक चॅनेल ६४ केबीपीएसचा ए-लॉ. म्हणून आपल्याकडे यादीत पहिलं नाव जी.७११ ए-लॉ, याच्यावर चर्चा नको. बरेच गेटवे डब्यातून काढल्यावर म्यू-लॉ पहिला ठेवून येतात, तो खाली ढकला किंवा काढूनच टाका. पीआरआय कार्डाच्या सेटिंगमध्ये ए-लॉच्या जागी म्यू-लॉ राहिला तर आवाज फाटलेला, घरघरणारा येतो आणि लोक उगाच केबल बदलत बसतात.

दुसरा जी.७२९. हा ८ केबीपीएसचा, १९९६ सालचा. हा आवाजाचे नमुने पाठवतच नाही, माणसाचा घसा आणि तोंड आवाज कसा तयार करतं याचं एक मॉडेल धरून त्या मॉडेलचे आकडे पाठवतो, दर १० मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे आकड्यांचा एक तुकडा. म्हणून बोलणं ठीक जातं पण होल्डवर बासरी लावली असेल तर ती पाण्यात बुडाल्यासारखी ऐकू येते, कारण बासरी घशातून निघत नाही. होल्ड म्युझिकची तक्रार आली की मी सगळ्यात आधी कॉल जी.७२९वर आहे का तेच बघतो. पूर्वी फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर असलेल्या अ‍ॅस्टरिस्कवर जी.७२९ वापरायचा तर चॅनेलमागे लायसन्स विकत घ्यावं लागायचं, पण २०१७च्या सुरुवातीला त्याच्या बहुतेक पेटंटांची मुदत संपली, त्यामुळे आता ती अडचण राहिली नाही.

तिसरा जी.७२२, तोही ६४ केबीपीएसच, पण १६००० नमुने घेतो आणि ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेतो. साधा फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच नेतो. आणि इथेच आपल्या साठ-आठचं मूळ आहे, कारण साठ आणि आठ यात फरक फक्त एका स चा, आणि स ची जास्त ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते, म्हणजे साध्या फोनवर तो स आधीच अर्धमेला होऊन पोचतो. आपण समोरच्या संदर्भावरून तो भरून घेतो. आकड्यांना संदर्भ नसतो ना, साठही चालतं, आठही चालतं. म्हणून ऑफिसच्या आत आयपी फोन ते आयपी फोन जी.७२२ पहिला ठेवा, बँडविड्थ जी.७११ इतकीच जाते आणि स, श, फ खणखणीत येतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, याच्या एसडीपीमध्ये, म्हणजे कॉल लावताना दोन्ही बाजू कोडेक कळवतात त्या मजकुरात, क्लॉक ८००० लिहिलेला दिसतो, तो जुन्या स्टँडर्डमधल्या चुकीमुळे तसाच ठरून गेलाय, त्याला हात लावून १६००० करू नका, समोरचा फोन ओळखणार नाही. गेटवेच्या ज्या पोर्टवर साधा फोन किंवा पीआरआय आहे तिथे जी.७२२चा उपयोग नाही, तिकडचा आवाज मुळातच अरुंद आहे. ओपस, आयएलबीसी, जी.७२६, जी.७२३ अशी बाकी नावं यादीत असतील, मोबाइल अ‍ॅपवरून एक्स्टेंशन चालवत असाल तर ओपस ठेवा, बाकीची काढा. जी.७२३ तर नक्की काढा, ३० मिलिसेकंदाच्या फ्रेमा आणि आवाज दळिद्री, आताच्या लाइनवर त्याची गरजच नाही.

आता हिशोब. ८ केबीपीएस विरुद्ध ६४ केबीपीएस, म्हणजे जी.७२९ने आठपट बचत, असं सेल्सवाले सांगतात आणि ते खरं नाही. आवाज पाकिटात भरून जातो आणि प्रत्येक पाकिटाला आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि आरटीपीचे १२ असे पत्त्याचे ४० बाइट वर लागतात. २० मिलिसेकंदाचं पाकीट म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. जी.७११मध्ये आवाज १६० बाइट, अधिक ४०, झाले २००, गुणिले ५०, म्हणजे ८० केबीपीएस, इथरनेटचे १८ बाइट धरले तर ८७. जी.७२९मध्ये आवाज फक्त २० बाइट पण वरचे ४० तेवढेच, म्हणजे ६० बाइट, २४ केबीपीएस, इथरनेट धरून ३१. पाकिटापेक्षा पत्ता मोठा झाला. बचत आठपट नाही, तीनपटीच्या आसपास. त्यात दोन ऑफिसांच्या मध्ये आयपीसेकचा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून काढलेली कुलूपबंद खासगी वाट, असेल तर तो पुन्हा ५०-६० बाइट चढवतो, जी.७२९चा कॉल ४८च्या आसपास आणि जी.७११चा १०५च्या आसपास जातो. म्हणजे दुपटीपेक्षा थोडं जास्त, एवढंच काय ते वाचलं.

हे आकडे एका दिशेचे आहेत आणि बघायचा तो अपलोड. दहा कॉल एकदम जी.७११वर म्हणजे ८७० केबीपीएस. आज नवी मुंबईत जिथे फायबर पोचलंय तिथे हे काहीच नाही, एका सीसीटीव्ही कॅमेऱ्यापेक्षा कमी. म्हणून फायबर असेल तिथे जी.७२९ लावायचं कारणच मला दिसत नाही. तो लावायचा तिथे जिथे लिंक खरंच बारीक आहे, म्हणजे तळोज्याचं गोडाऊन फायबर तुटल्यावर फोर-जी राउटरवर जातं तेव्हा, किंवा जिथे अजून जुनी कॉपर ब्रॉडबँड लाइन आहे आणि अपलोड अर्धा एमबीपीएस मिळतो. आधी लिंक मोजा, सकाळी गर्दीच्या वेळी मोजा, सलग चार-पाच दिवस मोजा, मग कोडेक ठरवा. स्पीड टेस्टवर आलेल्या अपलोडच्या अर्ध्याच्या आत सगळे कॉल बसले पाहिजेत, हा माझा स्वतःचा नियम आहे, कारण उरलेल्या अर्ध्यात कोणीतरी फोटो आणि बिलं पाठवत असणारच.

आता गेटवेच्या पानावर या. सुरुवात करण्याआधी कॉन्फिग फाइल डाउनलोड करून ठेवा, आणि बाजार थंडावल्यावरच हात घाला, सकाळी सहा वाजता गाळ्याचा फोन बंद पडला तर माणसाचं खरं नुकसान होतं.

कोडेकची यादी वेगवेगळ्या मेकमध्ये वेगवेगळ्या नावाखाली असते, कुठे कोडेक प्रोफाइल, कुठे प्रेफर्ड व्होकोडर, कुठे नुसतं व्हॉइस सेटिंग. काहींमध्ये ती प्रत्येक पोर्टला वेगळी असते आणि काहींमध्ये प्रत्येक ट्रंकला, म्हणजे बाहेर जोडणाऱ्या लाइनीला, दोन्ही ठिकाणी बघा. फायबरवरच्या गेटवेत पहिला जी.७११ ए-लॉ, दुसरा जी.७२९, बस, बाकी रिकामं. बारीक लिंकवरच्या गेटवेत पहिला जी.७२९, दुसरा ए-लॉ. दुसरा ठेवायचाच, कारण एकही कोडेक जुळला नाही तर समोरून ४८८ नॉट अ‍ॅक्सेप्टेबल हिअर येतं आणि कॉल लागतच नाही. आणि पीबीएक्समध्येही, म्हणजे ऑफिसच्या एक्स्चेंजमध्येही, त्या गेटवेसाठी हीच यादी याच क्रमाने लावा. अ‍ॅस्टरिस्क असेल तर आधी डिसअलाऊ ऑल आणि मग अलाऊमध्ये ए-लॉ, जी.७२९ असं, डिसअलाऊ विसरलात तर डिफॉल्टचे कोडेक मागे तसेच लटकत राहतात. दोन्हीकडे क्रम एकच ठेवायचं कारण असं की ऑफर एकजण देतो आणि निवड दुसरा करतो, काही डिव्हाइस समोरच्याचा क्रम मानतात, काही स्वतःचा पुढे करतात. मग इकडून केलेला कॉल ए-लॉवर आणि तिकडून आलेला जी.७२९वर असं होतं आणि तक्रार येते की आम्ही लावला की आवाज चांगला, त्यांनी लावला की खराब.

पीटाइम म्हणजे एका पाकिटात किती आवाज भरायचा ते, २० मिलिसेकंद ठेवा, दोन्हीकडे. काही मेकमध्ये मिलिसेकंद लिहिलेले नसतात, एका पाकिटात किती फ्रेम असं विचारतात, जी.७२९ची फ्रेम १० मिलिसेकंदाची आहे म्हणून तिथे २ लिहायचं. बँडविड्थ वाचते म्हणून कोणी ४० करतात, जी.७२९ खरंच २४वरून १६ केबीपीएसवर येतो, पण मग एक पाकीट हरवलं की ४० मिलिसेकंदाचा तुकडा गेला, आणि स सारखं व्यंजन १०० मिलिसेकंदाच्या आसपासचं असतं, त्याचा जवळजवळ अर्धा भाग एका पाकिटात जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, त्या मसाला मार्केटच्या गाळ्यावर जे झालं ते. सेटिंगचं नाव व्हीएडी किंवा सायलेन्स सप्रेशन. माणूस गप्प असेल तेव्हा पाकिटं पाठवायची नाहीत, बँडविड्थ वाचते, कल्पना छान आहे. पण गप्प आहे की बोलतोय हे गेटवे आवाजाच्या ताकदीवरून आणि पोतावरून ठरवतो, आणि मार्केटमध्ये मागे माथाडींच्या हाका, हातगाड्या, टेम्पोचे हॉर्न सकाळभर चालू, त्यामुळे त्याने गलका हाच शांतता म्हणून धरला. आता मुलगा मध्ये थांबून म्हणाला साठ, तर सुरुवातीचा स हा मुळात फुसफुस आवाज, गलक्यापेक्षा वेगळा ओळखू येत नाही, गेटवेला वाटलं अजून शांतताच आहे, त्याने पाकीट सोडलं ते आ पासून. तिकडे पोचलं आठ. म्हणजे दोष लाइनचा नव्हता, मुलाचा नव्हता आणि काकांच्या कानाचा तर अजिबात नव्हता. शब्दाची सुरुवात खाणं हा व्हीएडीचा जुना माहीत असलेला दोष आहे, आणि मराठीत स, श, ह, फ ने सुरू होणारे आकडे किती आहेत बघा, सहा, सात, सोळा, साठ, सत्तर, शंभर. मी प्रत्येक साइटवर व्हीएडी बंद करतो. लिंक कितीही बारीक असली तरी बंद.

पण नुसता टिक काढून भागत नाही. जी.७२९चा अ‍ॅनेक्स बी नावाचा भाग म्हणजे त्याचं स्वतःचं व्हीएडी, आणि एसडीपीमध्ये अ‍ॅनेक्सबीबद्दल काहीच लिहिलं नसेल तर समोरच्याने यस धरायचं असा नियम आहे. म्हणजे तुम्ही इकडे बंद केलं, पण अ‍ॅनेक्सबी नो असं स्पष्ट पाठवलं नाही तर तिकडचा गेटवे आपला चालू ठेवतो. दोन्ही गेटवेत आणि पीबीएक्समध्ये अ‍ॅनेक्सबी नो करा. कुठे हा पर्याय नुसत्या टिकने येतो, कुठे जी.७२९ऐवजी जी.७२९ए असं वेगळं नाव निवडावं लागतं.

पुढे डीटीएमएफ. बँकेला फोन करून एक दाबा दोन दाबा करताना जे टोन जातात ते जी.७२९मधून धड जात नाहीत, कारण टोनही घशातून निघत नाहीत. इनबँड, म्हणजे टोन आवाजातच पाठवणं, काढून आरएफसी २८३३, म्हणजे ते वेगळे पाठवणं, निवडा, नव्या फर्मवेअरमध्ये तेच ४७३३ म्हणून दिसेल, पेलोड टाइप १०१, दोन्हीकडे तोच. फॅक्स मशीन किंवा डायलअपवर चालणारी जुनी कार्ड स्वाइप मशीन अजून पोर्टवर असेल तर त्या पोर्टला फक्त जी.७११ ए-लॉ द्या, जी.७२९ यादीतून काढूनच टाका, फॅक्सला टी.३८, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत, चालू करा. जिटर बफर, म्हणजे मागेपुढे आलेली पाकिटं थोडी थांबवून ओळीने सोडणारी सोय, अ‍ॅडॅप्टिव्ह ठेवा. इको कॅन्सलेशन चालू. आवाजाच्या आरटीपी पाकिटांना डीएससीपी ४६, म्हणजे यांना आधी सोडा असा शिक्का, द्या आणि राउटरमध्ये त्याला वरची रांग द्या, नुसतं गेटवेत लिहून राउटरने दुर्लक्ष केलं तर काही उपयोग नाही. राउटरमधलं एसआयपी एएलजी, म्हणजे कॉलचे निरोप मध्येच बदलणारी सोय, बंद करा. एकतर्फी आवाजाची तक्रार, म्हणजे मला ऐकू येतं त्यांना नाही, ही बहुतेक वेळा राउटरच्या नॅट (पत्ते बदलणं) आणि फायरवॉलचीच असते, त्यासाठी कोडेक बदलत बसू नका.

आता ट्रान्सकोडिंग, म्हणजे वाटेत एक कोडेक उलगडून दुसरा करणं, यावर लोक लक्ष देत नाहीत आणि इथेच आवाज मरतो. त्या शेठचं पीबीएक्स ठाण्यात वागळे इस्टेटच्या ऑफिसात आहे. गाळ्याचा गेटवे पीबीएक्सशी जी.७२९वर बोलत होता, पीबीएक्सने तो उलगडून ए-लॉ केला कारण कॉल रेकॉर्डिंग चालू होतं, आणि तळोज्याच्या लिंकवर पुन्हा जी.७२९ केला. एकदा दळलेलं पीठ पुन्हा दळल्यासारखं. दर वेळी थोडा आवाज मरतो, थोडा उशीर वाढतो आणि पीबीएक्सचा प्रोसेसर गरम होतो तो वेगळाच. आणि समोरचा मोबाइलवर असेल तर त्याचा आवाज मोबाइलच्या एएमआर कोडेकने आधीच एकदा दळलेला असतो, ऑपरेटर तो आपल्या पीआरआयवर ए-लॉ करून देतो, त्यावर आपण जी.७२९ केला की दुसरं दळण आपल्याच घरात झालं. गावाकडच्या शेतकऱ्याचा किंवा गाडीवरच्या ड्रायव्हरचा मोबाइलवरचा आवाज गोडाऊनच्या फोनला ट्रान्सफर केला की समजत नाही, याचं कारण बहुतेक हेच. म्हणून एका कॉलच्या संपूर्ण वाटेत कोडेक एकच राहील असं बघा, आणि जिथे बदलणं टाळता येत नाही तिथे एकदाच बदलू दे. अ‍ॅस्टरिस्कमध्ये चालू कॉलचा रीड आणि राइट कोडेक बघता येतो, दोन्ही बाजूंना वेगळा दिसला की समजा दळण चालू आहे. गेटवेची डेटाशीटही वाचा, आठ पोर्टचा गेटवे जी.७११वर आठ कॉल घेतो पण जी.७२९ आणि एन्क्रिप्शन दोन्ही लावलं की काहींचा डीएसपी, म्हणजे आवाजाचं काम करणारी चिप, सहाच घेतो, सातव्या माणसाला बिझी टोन.

हे सगळं आपल्याच ऑफिसांच्या आतल्या कॉलसाठी आणि लायसन्सवाल्या ऑपरेटरकडून घेतलेल्या ट्रंकसाठी सांगतोय. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल गेटवेतून लोकल लाइनवर उतरवून द्या, पैसे देतो, असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा, तो गुन्हा आहे आणि पोलीस डिव्हाइससकट घेऊन जातात.

तपासणी अशी करा. गेटवेच्या स्विच पोर्टचं मिररिंग (त्याची पाकिटं लॅपटॉपकडेही वळवणं) करून लॅपटॉपवर वायरशार्क, म्हणजे पाकिटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावा, एक कॉल करा आणि इन्व्हाइट, म्हणजे कॉल मागणारा पहिला निरोप, त्यातली एसडीपी उघडा. ऑडिओच्या ओळीत आकडे दिसतील, ८ म्हणजे ए-लॉ, ० म्हणजे म्यू-लॉ, ९ जी.७२२, १८ जी.७२९, १०१ बहुधा डीटीएमएफ. इन्व्हाइटमध्ये काय मागितलं ते एक, २०० ओकेमध्ये समोरच्याने काय कबूल केलं ते दुसरं, आणि आरटीपीमध्ये खरंच काय वाहतंय ते तिसरं, तिन्ही जुळले पाहिजेत. मग आरटीपी स्ट्रीम अ‍ॅनालिसिसमध्ये लॉस, म्हणजे किती पाकिटं हरवली ते, बघा, जी.७२९वर एक टक्का लॉससुद्धा कानाला कळतो. व्हीएडी खरंच बंद झालं का हेही इथेच कळतं, फोन धरून दहा सेकंद गप्प बसा, पाकिटं सेकंदाला ५० अशी चालूच राहिली पाहिजेत. फ्रीपीबीएक्स असेल तर स्टार ४३ लावून स्वतःचाच आवाज परत ऐका, उशीर किती आहे ते लगेच समजतं.

आणि शेवटी माणसाने माणसाशी बोलून बघा. हॅलो हॅलो एक दोन तीन करू नका, त्यातून काही कळत नाही. मी एक कागद ठेवलाय, एका बाजूचा माणूस वाचतो आणि दुसरा ऐकून लिहून घेतो, सात, साठ, आठ, सहा, दहा, पासष्ट, अडुसष्ट, एकोणसाठ, एकोणसत्तर, शंभर असे वीस आकडे, प्रत्येक आकड्याआधी दोन सेकंद थांबून. गाळ्यावर हे बाजार भरलेला असताना केलं, रिकाम्या गाळ्यात सगळंच छान ऐकू येतं. व्हीएडी बंद केल्यावर आणि गाळा, पीबीएक्स, गोडाऊन सगळीकडे ए-लॉ केल्यावर काकांनी वीसच्या वीस आकडे बरोबर लिहिले. मग गोडाऊनची फायबरची वायर काढली, राउटर फोर-जीवर गेला, तिथल्या गेटवेच्या दुसऱ्या प्रोफाइलवर जी.७२९ पहिला ठेवलाय, पुन्हा वाचलं, एकोणीस बरोबर आले, अडुसष्टचं अडुसठ लिहिलं होतं, ते काकांच्या गावचं बोलणं. कोडेकचा क्रम, पीटाइम, अ‍ॅनेक्सबी, डीटीएमएफ आणि आजची तारीख एका कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवली, म्हणजे उद्या गेटवे रीसेट झाला आणि माझ्या जागी दुसरा कोणी आला तरी त्याला समोरच दिसेल.